‘फीलिंग’ म्हणजे भावना? युंग, मायर्स आणि आपला पुणेरी गोंधळ

दहावीचा निकाल लागला की पुण्यात घरोघरी चाचण्यांचे कागद टेबलावर येतात. कलचाचणी, बुद्ध्यंक, आणि हल्ली चार इंग्रजी अक्षरांचं व्यक्तिमत्त्वसुद्धा. ‘मुलगी फीलिंगवाली निघाली, मग तिला इंजिनिअरिंग झेपेल का?’ असं पालक काळजीने विचारतात. या प्रश्नात शंभर वर्षांचा गोंधळ साठलेला आहे.

कार्ल युंगचं ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ मूळ जर्मनमध्ये १९२१ साली आलं, इंग्रजीत १९२३ मध्ये. त्यात चार मानसिक कार्यं आहेत: थिंकिंग, फीलिंग, सेन्सेशन आणि इन्ट्यूशन. प्रत्येक अंतर्मुख किंवा बहिर्मुख, म्हणून आठ प्रकार. आता गंमत बघा. युंगने फीलिंगला थिंकिंगच्या शेजारी, ‘रॅशनल’ गटात बसवलं! रडू येणं, संताप होणं हे त्याने वेगळं काढलं. त्याच्या लेखी फीलिंग म्हणजे एखाद्या गोष्टीचं मोल ठरवणं. हे मला पटतं का, हे राखण्याजोगं आहे का, असा निवाडा. आपण मराठीत ‘भावना’ शब्द लावला आणि तिथेच घसरलो. उरलेली दोन ‘इर्रॅशनल’. त्याला ‘अविवेकी’ म्हटलं तर शिवीच होते. युंगला एवढंच म्हणायचं होतं, की दिसणं आणि सुचणं हे आधी घडतं, त्यात निवाडा नसतो.

‘अंतर्मुख’चंही तेच. हा शब्द आपल्याकडे अध्यात्मातून आला, आणि शाळेत तो लाजाळू पोराला चिकटला. युंगच्या मनात होती ती ओढीची दिशा: बाहेरच्या वस्तूकडे की स्वतःच्या आतल्या जगाकडे. युंगच्या याच पुस्तकात ऋत, द्वंद्व, निर्द्वंद्व यांची चर्चा आहे, म्हणून आपल्याला वाटतं, ‘हे तर आपलंच!’ पण ती चर्चा विरोधी टोकं जुळतात कशी याची आहे. माणसांच्या वर्गवारीसाठी त्याने ती आणलेली नाही.

मग १९६२ साल येतं. त्या वर्षी अमेरिकेत एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने मायर्स-ब्रिग्जची मार्गदर्शिका छापली. इझाबेल मायर्स यांनी साधनाला ‘टेस्ट’ न म्हणता ‘इंडिकेटर’ म्हटलं, कारण त्यात बरोबर-चूक उत्तरच नाही. कल कुठे आहे, एवढंच ते विचारतं.

आणि त्याच १९६२ मध्ये इथे पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलांचं शिक्षण हे त्यांचं काम, आणि प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने बुद्धिमापनासाठी गिलफर्डची चौकट हाताशी घेतली. पाच क्रिया, चार आशय, सहा निष्पत्ती, गुणाकार १२०. त्या पाचांतली एक क्रिया म्हणजे ‘कॉग्निशन’, आकलन. तिथे प्रश्न सरळ आहे: किती जमतं? फार मोलाचं काम आहे ते, माझ्या मते पुण्याला अभिमान वाटावा असं. पण त्यामुळे या गावाला चाचणी म्हणजे क्षमतेचं माप, ही सवय लागली. त्याच सवयीने आपण युंगच्या कार्यांना ‘कॉग्निटिव्ह फंक्शन्स’ म्हणतो आणि गुणपत्रिकेसारखं वाचतो. फीलिंगकडे कल असलेल्या मुलीचं गणित उत्तम असू शकतं. तिला इंजिनिअरिंग झेपेल का, हे तो कागद सांगतच नाही. त्यावर शाखा ठरवणं म्हणजे चपलेच्या मापावरून टोपी घेणं.

आणखी एक. हल्लीचे हौशी लोक आठ कार्यांची उतरंड मांडतात: पहिलं अमुक, चौथं तमुक. प्रश्नावली ती मोजत नाही, बरं का. ती चार जोड्या मोजते. उतरंड त्या अक्षरांवरून नियमाने काढलेली असते. चौथी जोडी, जजिंग-पर्सिव्हिंग, तर ब्रिग्ज-मायर्स मायलेकींची भर. युंगने प्रमुख कार्य, त्याला साथ देणारं दुय्यम आणि मागे पडलेलं कार्य सांगितलं. तिसऱ्याचं तोंड आत की बाहेर, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आणि १९३४ च्या एका प्रस्तावनेत युंगनेच तक्रार केली, की माणसं बघून शिक्के मारणं हा दिवाणखान्यातला पोरखेळ आहे. चला, आता प्रश्न घेऊ या.