कापलं ते कुठं गेलं?

सिनेमा कोणाचा, असं विचारलं की आपण नटाचं नाव सांगतो, फार तर दिग्दर्शकाचं. पण चित्रपट खऱ्या अर्थानं जुळून येतो तो संकलकाच्या खोलीत. काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशाला काय जोडायचं, हे तिथं ठरतं. मी कवी आहे. दहा ओळी लिहून आठ खोडायच्या, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळं या कात्रीच्या कामाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी वाटत आली आहे. आणि मंडळी, या कामाचा शंभर वर्षांहून मोठा इतिहास आपल्या नाशिक जिल्ह्याच्या अंगणातून गेला आहे.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस १९१२ मध्ये लंडनला जाऊन चित्रपटकला शिकून आला. तिथून कॅमेऱ्याबरोबर फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्रही आणलं. कारण तेव्हा कोरी फिल्म बिनछिद्राची मिळत असे. ही छिद्रं अंधारात पाडावी लागत. ते काम केलं सरस्वतीबाई फाळके यांनी. मुंबईत दादरच्या घरी दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकायचा आणि रात्री फिल्म घेऊन अंधारात बसायचं.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फूट लांब होता. या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे झाल्या ५९,२०० चौकटी. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. एकूण आकडा जातो पावणेपाच लाखांच्या घरात. तोही फक्त पडद्यावर दिसलेल्या फिल्मचा. कापून टाकलेली वेगळीच. सरस्वतीबाई फिल्म धुवायला शिकल्या, जोडायला शिकल्या. हिंदुस्थानातल्या पहिल्या संकलकांत त्यांचं नाव आज घेतलं जातं. पण ते घ्यायला आपल्याला फार वर्षं लागली.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१७ मध्ये त्यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हे कसं शक्य झालं? कात्रीमुळं. आधी राम दिसतो, मग सीता दिसते, आणि जोड आपल्या डोक्यात होते. एका माणसाचं जोडपं करणारी ही विद्या. फाळक्यांनी ‘चित्रपट कसा तयार करतात’ नावाचा लघुपटही काढला. प्रेक्षकांना नुसती जादू न दाखवता तिच्यामागची मेहनत दाखवावी, असं त्यांना वाटलं, हे मला फार मोठं वाटतं.

त्या काळची जोडणी म्हणजे खरोखरची कात्री. पट्टी कापायची, टोकाचा लेप खरवडायचा, सिमेंट म्हणतात तो द्रव लावायचा आणि दुसरी पट्टी दाबून धरायची. चुकलं की चौकट गेली. म्हणून पुढं एक शहाणी पद्धत रुळली. मूळ निगेटिव्हला हात लावायचा नाही. तिच्यावरून एक कामचलाऊ प्रत काढायची. तिला वर्कप्रिंट म्हणत. सगळी कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी तिच्याबरहुकूम निगेटिव्ह कापायची. ही पद्धत लक्षात ठेवा. ती पुढं पुन्हा भेटणार आहे.

आता नाशिकहून आग्रा रस्त्यानं मालेगावला चला. यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार सिनेमाला जातो. तिथं नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ते चित्रपटांतले प्रसंग कापत, जोडत. त्यांची संकलनाची शाळा ती एवढीच. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यातले डाकू घोड्यावरून येत नाहीत, सायकलवरून येतात.

दोन व्हीसीआरवरचं संकलन म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. एका यंत्रात मूळ टेप चालवायची, दुसऱ्यात हवा तेवढाच भाग उतरवायचा. क्रम चुकला, मध्येच एक प्रसंग घालायचा राहिला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. आणि प्रतीची प्रत काढली की चित्र विटत जातं, बऱ्याचदा धुतलेल्या लुंगीसारखं.

मग संगणक आला. अमेरिकेत १९८९ पासून अ‍ॅव्हिड नावाची यंत्रणा व्यावसायिकांकडं होती, पण किंमत मोठ्या स्टुडिओलाच झेपणारी. १९९९ मध्ये अ‍ॅपलनं फायनल कट प्रो बाजारात आणलं, आणि २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ हा हॉलिवूडचा बडा चित्रपट वॉल्टर मर्च या नामांकित संकलकानं त्याच्यावर जोडला. स्टुडिओचं काम टेबलावर आलं. मालेगावातही हिरव्या कापडासमोर उभा केलेला सुपरमॅन संगणकानं आभाळात उडवला. ती भूमिका करणारे शफीक शेख यंत्रमागावर काम करत. त्या उद्योगावर फैझा अहमद खान यांनी केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २०१२ मध्ये आपल्या थिएटरांत लागला. तो पाहायला शफीक राहिले नव्हते. २०११ मध्येच ते गेले. रीमा कागती यांनी याच कहाणीवर केलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये देशभर दाखवला गेला.

टेबलावरून हे काम मांडीवर आलं, तेव्हा आमच्या नाशिकच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी ते आनंदानं उचललं. त्याचं एक कारण अगदी आपलं होतं. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची. वीज गेली की टेबलावरचा संगणक डोळे मिटायचा आणि न जपलेलं काम पाण्यात जायचं. लॅपटॉपला पोटात बॅटरी. अंधारातही तास-दोन तास कात्री चालायची.

पण त्याच सुमारास चित्रच मोठं झालं. हाय डेफिनिशन आलं. जुन्या टीव्हीच्या एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ ठिपके. फुल एचडीत १,९२० गुणिले १,०८०. भागाकार करून पाहा, बरोबर पाचपट भरतात. एका सेकंदात अशा २५ चौकटी. जसंच्या तसं साठवलं तर सेकंदाला दीडशे एमबीच्या वर. तेव्हाच्या लॅपटॉपच्या डिस्कला एवढं एका दमात वाचताच येत नसे.

यावर कॅमेरेवाल्यांनी युक्ती काढली, ती किराणा दुकानदाराच्या वहीतली. वाणी पहिल्या ओळीत ‘तूरडाळ’ लिहितो आणि खाली नुसत्या दोन रेघा मारतो, म्हणजे वरीलप्रमाणे. तसंच इथं अर्ध्या सेकंदात एकच चित्र पूर्ण साठवायचं आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदललं तेवढंच टिपायचं. टेप लहान झाली, पण संकलकाची पंचाईत झाली. बरोबर मधल्या रेघेवर कापायचं म्हटलं की लॅपटॉपला वर चढून मूळ ओळ शोधावी लागते, तिथून हिशेब करत खाली यावं लागतं. म्हणून चित्र अडखळायचं, पंखा घरघरायचा आणि यंत्र मांडीला चटका द्यायचं.

तोडगा काय निघाला? प्रॉक्सी. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. मूळ चित्रीकरण बाजूला सुरक्षित ठेवायचं, त्याची एक हलकी, लहान प्रत काढायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी यंत्राला सांगायचं की आता याबरहुकूम मूळ उचल. म्हणजे पुन्हा जुनी वर्कप्रिंटच! नवं यंत्र शेवटी जुन्या कारागिराच्या शहाणपणाकडंच परतलं. दुसऱ्याचं उदाहरण कशाला, मीही कविता आधी पाठकोऱ्या कागदावरच लिहितो.

मात्र एका बाबतीत लॅपटॉप खरोखर वेगळा. काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाचं चित्रीकरण जोडलं जात असताना मी शेजारी बसलो होतो. एक वृद्ध शायर पहिला मिसरा म्हणून थांबले होते. संकलक पोरगा म्हणाला, “चाचा, इथं चार सेकंद काहीच नाही, काढून टाकू?” मी म्हटलं, “अरे बाबा, शेर तिथंच आहे. दुसऱ्या ओळीची वाट पाहणारी माणसं दिसतात ना तुला?” त्यानं दोन बटणं दाबली, चार सेकंद परत आले. हसून म्हणाला, “बरोबर आहे.” फिल्मच्या जमान्यात त्यासाठी टोपलीतली पट्टी शोधून परत चिकटवावी लागली असती.

पण फिल्मच्या जमान्यात निदान टोपली होती. तयार कार्यक्रम ४० मिनिटांचा झाला. वर्षभरात ते शायर गेले. घरच्यांनी बाकीचं चित्रीकरण मागितलं, तेव्हा डिस्क केव्हाच पुसून तिच्यावर लग्नं भरलेली होती. मी त्या पोराला दोष देत नाही. डिस्कला पैसे पडतात आणि जपून ठेव असं त्याला आपल्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं. शायराच्या दोन गझला उरल्या. बाकीच्या, आणि त्यांच्यामधलं ते थांबणं, कुठंच नाही.

ही नवी गोष्ट नाही. फाळक्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट काढले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच, तेही बहुतेक तुकड्यांत, आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयामुळं पाहायला मिळतात. तेव्हा फिल्म महाग होती, पेट घेणारी होती, सांभाळणं अवघड होतं. आपल्याला ती सबब नाही. आपण सगळं टिपतो, सुंदर कापतो आणि उरलेलं पुसतो. पुसताना वासही येत नाही, राखही उरत नाही.

आता २०२६-२७ चा सिंहस्थ. २००३ चा टेपवर टिपला गेला, २०१५ चा एचडीत. यंदा प्रत्येक हातात कॅमेरा आहे. साधूंच्या मिरवणुकीची चकचकीत तीन मिनिटं सगळेच कापतील. पण मागं उभी असलेली जुनी पेठ, घाटावर फुलं विकणारी बाई, यंत्रमागाचा खडखडाट, एखाद्या आजोबांची बोली, हे सगळं आपण ‘काहीच नाही’ म्हणून काढलेल्या चार सेकंदांत असतं. उद्याचा इतिहासकार तेच मागायला येईल.

म्हणून घरोघरच्या संकलकांना माझी एवढीच विनंती आहे. कापा, जरूर कापा. कात्रीशिवाय ना कविता होते, ना चित्रपट. पण मूळ चित्रीकरण दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. सोबत एका कागदावर गाव, तारीख आणि दिसणाऱ्या माणसांची नावं लिहा. आणि शेवटच्या ओळीत, जोडणारं कोण होतं, तेही नाव लिहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)