मिरी आणि मिरची

परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. मी पुण्याची, सासर तमिळ. लग्नानंतर घरातल्या पहिल्याच श्राद्धाला माझा हात सवयीने सुक्या मिरच्यांकडे गेला, तेव्हा त्यांनी हसून मिरीचा डबा पुढे केला होता. मिरची, बटाटा, टोमॅटो वर्ज्य. कच्चं केळं, कारलं, सुरण चालतात. वाटलं, काय हा सोवळेपणा!

पण हा तर इतिहास! ही तिन्ही मूळची अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ मध्ये आला, त्यानंतर युरोपियांबरोबर ती इकडे पोचली. त्याआधी तिखटाला मिरीच. तमिळमध्ये मिरी म्हणजे मिळगु, मिरची म्हणजे मिळगाय, मिरीचं फळ. आपली मिरचीही मिरीवरूनच की! पितरांना त्यांच्या ओळखीचंच वाढायचं.

परवा एकटीने मिरी कुटली. मिरची नव्हती, तरी डोळ्यांत पाणी आलंच.