कागदावरील धातुपरीक्षा

रसायनशास्त्राचे इतिहास चाळूं लागलें म्हणजे भट्ट्या, मुशी आणि तराजू यांचींच वर्णनें पानोपान भेटतात. कागदाच्या कपट्याची आठवण फारसें कोणी करीत नाहीं. वास्तविक, धातु ओळखण्याची एक अत्यंत जुनी रासायनिक परीक्षा कागदाच्या पूर्वजावरच झालेली आहे.

इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी आपल्या सृष्टिवर्णनाच्या बृहद्ग्रंथांत जंगालाच्या भेसळीविषयीं लिहितो. तांब्यापासून होणारें हें हिरवें द्रव्य रंगारी व वैद्य या दोघांसही लागे; लबाड व्यापारी त्यांत हिराकस मिसळीत. प्लिनीचा तोडगा असा: पपायरसचा तुकडा मायफळाच्या काढ्यांत भिजवावा व जंगालानें माखावा, भेसळ असल्यास तो तत्काळ काळा पडतो. मायफळांतील तुरट द्रव्याचा हिराकसांतील लोखंडाशीं संयोग होऊन हा काळिमा येतो. हिरडा-हिराकसाच्या शाईचें मर्मही हेंच. या विद्येचें मूळ प्रयोगशाळेंत नव्हे, बाजारांत आहे, आणि तेंही गिऱ्हाइकाच्या संशयांत, असें आम्हांस वाटतें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील रुंगे यानें कागदावर क्षारांचे थेंब टाकून रंगीत वलयांचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. मात्र त्यांत त्याला पदार्थांची आकार घेण्याची अंतःप्रेरणा दिसूं लागली, आणि शास्त्र काव्याकडे झुकलें! थेंबास खरी शिस्त लावली ती व्हिएन्नाच्या फ्रिट्झ फाइगल यानें. ज्यू असल्यामुळें १९३८ मध्यें त्याचें पद गेलें. १९४० मध्यें तो ब्राझीलला पोंचला व तेथेंच त्यानें आपलें कार्य पुढें चालविलें.

परंतु या परीक्षेवर खरा भार पडला तो बंगालच्या पाण्यांत. आर्सेनिक हा पुरता धातु नव्हे, अर्धधातु. त्याचा वायु करून तो कागदावर पकडण्याची गुट्झाइटची युक्ति १८७९ मधली. बांगलादेशांत १९९९ नंतरच्या कांहीं वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका अशा पट्ट्यांनीं तपासल्या गेल्या. लिटरमागें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक विष आढळल्यास नळास तांबडा रंग, एरव्हीं हिरवा. पट्टी स्वस्त खरी; पण विष शोधणाऱ्या त्या कागदावर बहुधा पाऱ्याचाच क्षार असतो, आणि वापरलेल्या पट्ट्या टाकावयाच्या कोठें, हा प्रश्न उरतोच. शिवाय मर्यादेच्या आसपास पिवळ्या रंगाच्या दोन छटांतला भेद उन्हांत उभ्या असलेल्या माणसानें नुसत्या डोळ्यांनीं ठरवावयाचा, आणि त्यावरून एका कुटुंबानें कोणत्या नळाचें पाणी प्यावें हें ठरावयाचें.