आवशीचो घोव आणि आठवी विभक्ती

मालवणच्या शाळेत मराठी शिकवताना प्रत्ययांची अडचण मला कधी आली नाही. पोरं ते घरूनच घेऊन येत. 'स, ला, ते' यांचं सगळं काम त्यांचा एकटा 'क' निभावून नेई: माका, तुका, बाजाराक. क्रियापदालाही तोच चिकटे, 'जेवक ये'. आवस, बापूस यांना प्रत्यय लागला की शब्द आतून वळतो, आवशीक, बापाशीक. पुस्तकी मराठीत बाई आली काय नि पुरुष आला काय, नुसतं 'येईल'. आमच्यात येतलो की येतली हे आधी ठरतं. एवढं व्याकरण तोंडात असलेल्या मुलाला 'अशुद्ध बोलू नको' म्हणायचं, हे मला पटलं नाही.

ही शुद्धाशुद्धाची भानगड तशी अलीकडची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं. पुढे शाळांच्या पुस्तकांतून पुण्याकडची भाषा प्रमाण ठरली आणि आमचा 'घोडो' वर्गात शिरताना 'घोडा' झाला. दादोबांच्या व्याकरणाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, १६४० मध्ये, शेजारच्या गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण छापून झालं होतं. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने त्याच्या १९०५च्या खंडात आमच्या बोलीला कुडाळी म्हणून कोकणीच्या पोटात घातलं. प्रत्येक बोलीच्या नमुन्यासाठी त्याची ठरलेली गोष्ट एकच, बायबलमधली उधळ्या मुलाची. शब्द आले, प्रत्यय आले. बापाने घरी परतलेल्या झिलाला कोणत्या आवाजात हाक मारली, ते मात्र कागदावर यायचं नव्हतं.

आणि आमच्या बोलीत गंमत तिथेच आहे. 'आवशीचो घोव' घ्या. षष्ठीचा 'चो', पुढे नाम. अर्थ आईचा नवरा, म्हणजे साक्षात बापच! यात शिवी कुठे आहे? शब्द तोडून 'घोव' खाली आपटला की भांडण. 'आवशीचोss' असं वर चढवत नेलं की अचंबा. जाळ्यात घोळ मासा दिसला तर हाच उद्गार. बऱ्याच वर्षांनी चाकरमानी दारात उभा राहिला की हेच शब्द हसत, नाकातून, लाडाने येतात. तिन्ही वेळा विभक्ती षष्ठीच.

विभक्तींच्या तक्त्यात संबोधन शेवटी येतं. मास्तर लोक ते घाईत उरकतात. मला विचाराल तर मालवणीचा जीव त्या आठव्या विभक्तीत आहे: झिला, चेडवा, आये गो, म्हाराजा. देवळातलं गाऱ्हाणं ऐकावं. सांगणारा एका दमात गावाची दुखणी मांडत जातो, कुणाचं लगीन जमाक नाय, कुणाची होडी बुडाली, आणि 'म्हाराजा'वर आवाज टांगून ठेवतो. मग सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा'. देवाला हक्काने दटावायचं, पण पायरी सोडायची नाही. ही कसरत शब्दांत नसते, हेलात असते.

हा हेल महाराष्ट्रभर पोचवला तो रंगभूमीने. दशावतारात संकासूर मालवणीत बोलून पोटभर हसवायचा, देव मात्र ग्रांथिक बोलायचे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० साली पौराणिक नाटकाची तालीमच मालवणीत लोळवली, आणि त्यात काम करणाऱ्या मच्छिंद्र कांबळींनी परळ-लालबागच्या प्रेक्षकाला आपली बोली उघड मिरवायला शिकवलं. उपकार मोठेच. तरी एक कुरकुर आहे माझी: तेव्हापासून मालवणी ऐकली की लोक आधी हसायला लागतात. गाऱ्हाण्यात, मर्तिकात, कोर्टाच्या पायरीवरही आम्ही हीच बोली बोलतो.

हल्ली काही तरुण गाऱ्हाणं मोबाइलवर लिहून आणतात. मजकूर बिनचूक असतो, फक्त टांगणी नसते. त्यामुळे 'व्हय म्हाराजा' नेमकं कुठे म्हणायचं ते मंडळींना कळत नाही. मग मागून कुणीतरी म्हातारा मोठ्याने खाकरतो आणि सगळे एकदम ओरडतात.