खाऱ्या पाण्यावर तगणारी हिरवळ : मनिला गवत

समुद्राकाठच्या शहरांतील उद्यानप्रेमींची एक तक्रार नेहमीची असते. पावसाळ्यात लावलेली हिरवळ दिवाळीपर्यंत दृष्ट लागण्यासारखी दिसते. पुढे बोअरवेलचे मचूळ पाणी सुरू झाले की पात्यांची टोके करपू लागतात आणि मे महिन्यात तेथे उघडी माती उरते. पिण्याचे पाणी गवतावर ओतणे योग्य नव्हे आणि टँकर परवडत नाही. अशा ठिकाणी विचार करावा असे गवत म्हणजे झॉयसिया मॅट्रेला, अर्थात मनिला गवत.

नावावरून ते फिलिपिन्सचे वाटते. प्रत्यक्षात लिनिअसने १७७१ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, ते मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून. १९११ मध्ये सी. व्ही. पायपर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने ते मनिलाहून अमेरिकेत नेले आणि त्या शहराचे नाव त्याला चिकटले. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतचे उष्ण किनारे हे त्याचे मूळ घर. आपलेच गवत परदेशी नावाने आपल्या रोपवाटिकांत परत यावे, ही गंमतच!

पाती अरुंद, ताठ आणि टोकदार. अनवाणी पायाला किंचित टोचणारी. जमिनीवर धावणारी व जमिनीखाली पसरणारी अशी दोन्ही प्रकारची खोडे असल्याने ते वाळूही धरून ठेवते. त्याच्या चिवटपणाचे रहस्य पात्यांत आहे. पात्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म क्षारग्रंथी असतात आणि मुळांतून वर आलेल्या मिठाचा काही भाग त्यांतून बाहेर टाकला जातो. पाणी बरेच खारे असेल, तर पात्यांवर पांढुरके कणही दिसतात.

याचा अर्थ समुद्राचे पाणी घालावे असा मात्र नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बागेला पुरवायचे ते मचूळ पाणी, खारट नव्हे. नवी लावण तर पहिले दोन-तीन महिने गोड्या पाण्यावरच जोपासावी. जूनच्या आरंभी लावल्यास हे काम पाऊस करतो. शिवाय उन्हाळ्यात मातीत साठलेले क्षार पावसाळ्यात खाली धुऊन जातात, पण निचरा चांगला असेल तरच. म्हणून भारी मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात रोज थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी द्यावे. रोजच्या शिडकाव्याने मीठ वरच्या थरातच साचते.

खरी अडचण आहे ती वेगाची. हे गवत फार सावकाश वाढते. चार-सहा इंचांवर कोंब लावले, तर जमीन पूर्ण झाकायला वर्षही लागू शकते. तोवर लव्हाळा संधी साधतो आणि तो हातानेच, गाठींसह काढावा लागतो. घाई असणाऱ्यांनी तयार चटया घ्याव्यात. खर्च अर्थातच वाढतो. मात्र एकदा गादी जमली की याच संथपणाचा फायदा होतो, कारण कापणी हरळीपेक्षा पुष्कळ कमी लागते. हरळीही क्षार बऱ्यापैकी सोसते, पण इमारतीच्या सावलीत विरळ होते. मनिला गवत अर्धवट सावलीत टिकते. दाट सावलीत मात्र कोणतेच गवत लावण्याचा हट्ट धरू नये.

हिरवळीखेरीज फरशांमधल्या फटी, उताराचे बांध, समुद्राकडे तोंड असलेल्या बंगल्यांची अंगणे येथे ते शोभते. न कापता वाढू दिल्यास त्याचे मऊ उंचवटे तयार होतात, तेही सुंदर दिसतात. काही वर्षांनी बुडाशी वाळक्या काड्यांचा थर साचतो. तो पावसाळ्याच्या तोंडावर दाताळ्याने विंचरून काढावा.

रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत. किनाऱ्यावरून उपटून आणण्याचा मोह टाळावा; तेथे हे गवत वाळू अडवून ठेवत असते, आणि २०११ व २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करण्यास मनाई केली आहे. खरेदी करताना विक्रेत्याकडे शास्त्रीय नाव विचारावे. ‘कोरियन लॉन’ म्हणून मिळणारे अतिबारीक पात्यांचे गवत बहुधा याच प्रजातीतले असते, पण ते वेगळे.