बारा आणे रोज

इथं यायचं तर अंगावरचे कपडे काढून ठेवा. लंगोटी पुरे. तुमचं 'तुम्ही'सुद्धा इथंच राहू द्या. 1945 साली ठाणे जिल्ह्यातल्या उधव्यात वारली आदिवासीला कोणी अहोजाहो करत नाही. आता तू.

तू लग्नगडी आहेस. लग्नासाठी शेठकडून उचल घेतलीस, तेव्हापासून तू आणि तुझी बायको त्याच्या शेतावर राबताय. किती फिटले, किती उरले, ते शेठच्या वहीत आहे. वही तुला वाचता येत नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटीही त्याच्याकडचीच, आणि ती चढते त्याच वहीत. वेठीला बोलावणं आलं की स्वतःची लावणी टाकून निघायचं. नाही म्हणण्यासाठी तुझ्या बोलीत शब्द आहे, पण शेठसमोर तो कधी तोंडातून निघालेला नाही.

आज तू झरीला चाललायस. तारीख 23 मे. तुला तारीख ठाऊक नाही. करवंदं पिकलीत आणि पाऊस अजून लांब आहे, एवढंच ठाऊक. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं उंबरगावकडचे काही वारली जाऊन आले. त्यांनी आणलेली किसान सभेची बातमी पाड्यापाड्यांतून फिरत तुझ्या झोपडीपर्यंत आली, म्हणून तू निघालास.

झरीला पोचतोस आणि थबकतोस. पाच हजारांच्या आसपास माणूस. इतकी आपली माणसं एका जागी तू जत्रेतही पाहिली नाहीस. मध्ये लाल बावटा. आणि एक बाय.

गोदावरी परुळेकर. पुण्याच्या गोखल्यांची लेक, कायद्याची पदवी घेतलेली. 1938-39च्या सुमाराला मुंबईत निरक्षर प्रौढांना शिकवण्याची मोहीम तिनं चालवली, घरकामगारांची संघटना बांधली. शाळेतली मास्तरीण म्हणून ती इथं आलेली नव्हती. पण मला विचारशील तर झरीच्या माळावर तीही शिकवतच होती. फक्त पाटी नव्हती.

धडा छोटा आहे. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खासगी जमिनीवर बारा आणे रोज रोख मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मारायला आला तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. एकी सोडायची नाही. तू मनातल्या मनात घोकतोस. तुला वाटत होतं त्याहून हे सोपं आहे, आणि त्यामुळेच भीती वाटते.

चार दिवसांनी शेठचा माणूस येतो, नेहमीसारखा दारातूनच हाक मारतो. तू उठत नाहीस. "बारा आणं?" एवढंच विचारतोस. तो बघत राहतो. शिव्या देतो, जातो. तुझे पाय बराच वेळ थरथरत असतात.

पुढचं भराभर घडतं. एका पाड्याचे लोक दुसऱ्या पाड्यावर जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणतात. पाऊस सरतो, गवत पिवळं पडतं. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं, त्यामुळे कापणी अडली की शेठ अडतो. पाचशे पौंडांना अडीच रुपये, नाहीतर कोयता खाली. ऑक्टोबरात संप.

मग अफवा उठते: बायच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला चला. तू काठी घेऊन निघतोस, हजारो निघतात. 10 ऑक्टोबर. बाय तिथं नसतेच. पोलीस असतात. त्यांच्या गोळीबारात पाच जण पडतात. त्यांतल्या जेठ्या गांगडचं नाव पुढं वर्षानुवर्षं घेतलं जाणार आहे. सरकार बायला आणि तिच्या नवऱ्याला जिल्ह्याबाहेर काढतं. शिकवणारी गेली की वर्ग सुटेल, असा सरकारचा हिशेब असावा.

संप मोडत नाही.

पुन्हा कापणी सुरू होते तेव्हा तू काट्यापाशी उभा आहेस. पूर्वी भारा टाकून मागं सरायचास. आज जागचा हलत नाहीस. शेठचा माणूस आकडा सांगतो. तू वाकून काट्यावरच्या खुणा बघतोस. त्या तुला कळत नाहीत. शेजारी तुझा पोर उभा आहे, आठ-नऊ वर्षांचा. तू त्याला पुढं ओढतोस आणि त्या माणसाला सांगतोस, याला दाखव, कुठली खूण म्हणजे पाचशे.