कपाळाच्या कातडीचे नाक

फ्लॅप म्हणजे जागेवरून उचललेली, पण एका टोकाला शरीराशी जोडलेलीच राहिलेली कातडी. त्या अरुंद देठातून रक्त येत राहते, म्हणून नव्या जागी रुजेपर्यंत ती जगते. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या कातडीचे नाक करण्याची रीत आहे. कपाळाच्या कातडीची रीत युरोपात पोचली ती पुण्याहून.

कावसजी हा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातले दोन डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने तिची हकीकत छापली. तीत रोग्याचे नाव आहे, डॉक्टरांची आहेत. ज्याच्या हातात ही विद्या होती त्याचे नाही. वैद्यकाच्या इतिहासात ही जागा रिकामी राहावी, हे फार वाईट झाले.

कृती मात्र बारकाईने नोंदलेली आहे. मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार देत. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमधली पट्टी तेवढी शाबूत ठेवायची. थोट्या नाकावरचा जुना व्रण खरवडून तिथे खाच पाडत आणि कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणून त्या खाचेत बसवत. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. देठ कापायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नव्या जागेतून रक्त मिळू लागल्यावर. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, १८१६मध्ये पुस्तक लिहिले आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली.

देठातून रक्त कमी पडले तर फ्लॅप काळवंडतो. त्यावरचा एक उपाय पाणबुड्यांच्या वैद्यकातून आला. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक इटे बूरेमा यांनी १९६०मध्ये दाखवले, की तीन वातावरण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिल्यास लाल पेशी जवळजवळ नसतानाही डुकरे जगतात. एरवी १०० मिलिलिटर रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. या दाबाखाली तो सहाच्या आसपास जातो आणि अर्धवट तुटलेल्या रक्तपुरवठ्याच्या कडेपर्यंत पोचतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असा दाबाखालचा ऑक्सिजन देणारे दाबकक्ष आहेत.

फ्लॅप काळवंडू लागला की आधी देठाचा पीळ, टाक्यांचा ताण, खाली साठलेले रक्त पाहतात. त्यानंतर कक्ष, आणि तोही लवकर. दोन ते अडीच वातावरण दाब, सुमारे दीड तास, अशा अनेक बैठका. सौंदर्योपचारात कातडीखाली टोचायचा फिलर चुकून रोहिणीत जाऊन कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा तो विरघळवणाऱ्या औषधाच्या जोडीला हा उपाय योजला जातो. लेझर किंवा पीलनंतर नीट भरून येणाऱ्या कातडीसाठी मात्र तो मान्य उपचारांच्या यादीत नाही. कारण तिथे रक्तपुरवठा तुटलेलाच नसतो.